लोकसभेची हवा, विधानसभेची धास्ती : आपलेच लोक ‘जिंकलोच’ म्हणून बसलेत का?

घाटमाथा | ९ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:४०

आधीच सांगून टाकतो, मी काँग्रेसवाला आहे. पदाधिकारी नाही. निवडणूक आली की यादी काखेत मारून गल्लीबोळ फिरणाऱ्यांपैकी एक. मतदारसंघ पश्चिम महाराष्ट्रातला. नाव लिहीत नाही, कारण आमचे दोघेतिघे इथे गुपचूप वाचतात.

धागा काढायचं कारण असं की एकाच पक्षात सध्या दोन निवडणुका चालल्यात. वरच्या मजल्यावर निकाल लागून गेलाय. मुख्यमंत्री कुणाचा, गृहखातं कुणाकडे, आमच्या जिल्ह्याचा पालकमंत्री कोण, यावर चहाचे कप रिकामे होतात. खालच्या मजल्यावर, म्हणजे आमच्याकडे, रात्री यादी उघडली की पोटात गोळा येतो. आणि गंमत अशी की वरचे खालच्यांना भित्रे म्हणतात आणि खालचे वरच्यांना काहीच म्हणू शकत नाहीत.

सगळ्यांच्या डोक्यात ४ जून, लोकसभेच्या निकालाचा दिवस, बसलाय. आपल्या महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, सांगलीचे विशाल पाटील धरले तर ३१. दीडशेहून जास्त विधानसभा मतदारसंघांत आघाडी. बहुमताला लागतात १४५. झालं की मग! हा कागद आमच्याकडे प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे.

पण त्याच निकालाचा दुसरा कागद कुणी उघडत नाही. मतांची टक्केवारी दोन्ही बाजूंची त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात. राज्यभर मिळून आपण पुढे होतो जेमतेम दोन लाख मतांनी. फडणवीस हे सांगतात तेव्हा आमचे लोक हसतात. हसण्यासारखं काय आहे? राज्यात लाखाच्या आसपास मतदान केंद्रं आहेत. भागाकार करा. केंद्रामागे दोन मतं. एक जोडपं लग्नाला परगावी गेलं की संपली ती आघाडी.

आता मतदार काय म्हणतो ते. आमचा हक्काचा मतदार, म्हणजे ज्याच्या दारात स्लिप देताना आपण थांबतही नाही, तो म्हणतो, “कशाला ऊन खाताय, आपलंच येणार आहे.” हे वाक्य मला विरोधकाच्या शिवीपेक्षा जास्त टोचतं. आणि ज्या घरात लाडकी बहीणचे पैसे आलेत तिथली बाई काहीच म्हणत नाही. हसते, पाणी देते, स्लिप ठेवून घेते. त्यातल्या कित्येकींचे फॉर्म जुलै-ऑगस्टमध्ये आम्हीच भरून दिले होते. पुण्य कुणाच्या खात्यात गेलं ते २३ तारखेला, निकालाच्या दिवशी कळेल.

तुमच्याकडे काय चित्र आहे? पक्ष कुठलाही असो, लिहा. शिव्या द्यायच्या असतील तर दुसरे धागे आहेत.

---

शिवाजीपार्क_सकाळी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

मशालवाली, म्हणजे ठाकरेंच्या शिवसेनेची आहे. मुंबईत तरी कुणी निवांत नाही हो. उत्तर-पश्चिमची जागा ४८ मतांनी गेली. अमोल कीर्तिकर ४८ मतांनी पडले आणि त्याच मतदारसंघात नोटाला पंधरा हजारांवर मतं होती. तेव्हापासून आमच्या शाखेत ‘एका मताने काय होतं’ असं कुणी म्हणालं तर बाकीचे त्याच्याकडे नुसते बघतात.

पण आमची भीती वेगळी. २० मेला उन्हात रांगा पुढे सरकतच नव्हत्या. लोक आले होते, कंटाळून परत गेले. आमच्या इमारतीतल्या दोन आजी लिफ्टपाशी भेटल्या, म्हणाल्या, “परत येऊ संध्याकाळी.” संध्याकाळी कोण येतंय! त्याला आळस म्हणायचं का? माझ्या मते नाही. आळशी मतदार आणि परतवलेला मतदार मतमोजणीत सारखेच दिसतात, एवढंच.

यंदा मुद्दाम बुधवार ठेवलाय, शहरवाले जोडून सुट्टी काढून पळू नयेत म्हणून. बघू. कुलाब्यात २०१९ला जेमतेम चाळीस टक्के झालं होतं. तो दिवस सोमवार होता.

---

तिसरी_घंटा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

नागपूरकर_जुना | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

घाटमाथा, तुमचं दुखणं आम्ही मे महिन्यात भोगलंय, म्हणून लिहितो. मी दुसऱ्या बाजूचा, भाजपचा, आणि लहानपणापासून संघाच्या शाखेत जाणारा.

‘चारसौ पार’ ही घोषणा ज्या दिवशी आली त्या दिवशी आमचा अर्धा मतदार घरी बसला. काहून उठेल बाप्पा तो? चारशे येऊनच राहिले, तर माझ्या मताने चारशे एक होतील! बाकी अर्धं काम विरोधकांनी केलं, चारशे कशाला पाहिजेत, घटना बदलायला, असा प्रश्न उभा करून. आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं, आणि असलं तरी ते घरोघर न्यायला माणसं बाहेर पडली नव्हती. ऐन निवडणुकीत पक्षाध्यक्ष नड्डाजींची मुलाखत आली, पक्षाला आता संघाची पूर्वीसारखी गरज नाही, तो स्वतःच्या पायावर उभा आहे अशा अर्थाची. ज्या स्वयंसेवकाने ती वाचली त्याने त्या दिवशी दुपारी आराम केला असेल तर मी त्याला दोष देत नाही. ३०३चे २४० झाले.

आता सांगतो ते फुकटचा सल्ला समजा. जूननंतर आमच्याकडे मोठ्या बैठका बंद झाल्या. घरी बोलवायचं, दहापंधरा माणसं, चहा-चिवडा. झेंडा नाही, उमेदवाराचं नाव नाही. फक्त मतदान करा, शंभर टक्के करा. तुमच्या मंडपात पाच हजार खुर्च्या असतात. आमच्या बैठकीत चपला मोजता येतात. कोण आला नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं.

---

आकडेमोड | १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

घाटमाथांचा भागाकार बरोबर आहे, पण फसवाही आहे. दोन लाखांची आघाडी सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती. धुळ्याचं उदाहरण घ्या. सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत भाजप पुढे, आणि एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला एवढी आघाडी दिली की शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी खासदार झाल्या. लोकसभेला ती आघाडी शेजारच्या पाच मतदारसंघांना तारते. विधानसभेला मालेगावचं मत मालेगावातच राहतं. ‘दीडशे जागांवर पुढे’ हा कागद वाचताना त्यातल्या किती जागा हजार-दोन हजारांच्या आहेत हे कुणी पाहिलंय का?

दुसरं, ताजं उदाहरण असताना लोक जुनी का शोधतात कळत नाही. हरियाणा, गेल्याच महिन्यात. बहुतेक एक्झिट पोल काँग्रेसच्या बाजूने. ८ ऑक्टोबरला सकाळी दिल्लीत जिलब्या वाटून झाल्या. दुपारपर्यंत भाजप ४८, काँग्रेस ३७. मतांमधला फरक एक टक्कासुद्धा नाही. उचाना कलां ३२ मतांनी गेली. मुख्यमंत्री हुड्डा की आणखी कुणी हा वाद मतदानाआधीच रंगला होता, आणि त्यांच्याच पक्षातल्या सैलजाबाई ऐन प्रचारात काही दिवस घरी बसून होत्या. इथलं चित्र ओळखीचं वाटत असेल तर योगायोग समजा.

मात्र एक शंका नोंदवून ठेवतो. ‘गाफील राहिलो’ हे हरल्यावर सुचतं. जिंकला असता तर त्याच वागण्याला ‘आत्मविश्वास’ म्हणाला असता.

---

एडिसनकर | १० नोव्हेंबर, सकाळी १०:१०

आमच्याकडे अमेरिकेत ५ तारखेला झालं ते पाहिलंच असेल. ज्या राज्याची कुणाला काळजीच नव्हती त्या न्यू जर्सीत २०२०ला बायडेन सोळा टक्क्यांनी पुढे होते, यंदा हॅरिसबाई पाच-सहांवर. प्रचाराला इथे कोण फिरकलं? सगळे पेनसिल्व्हेनियात. मराठी मंडळाच्या दिवाळीत अर्धे लोक म्हणत होते, इथे आपल्या मताला किंमत नाही.

---

तिसरी_घंटा | १० नोव्हेंबर, सकाळी १०:१४

आली अमेरिका. कुठल्याही धाग्यावर दहाव्या प्रतिसादाच्या आत येते, आज तर पाचव्यालाच आली.

---

कोल्हापुरी_तांबडा | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

तुमी हवा-हवा करताय, आमच्या कोल्हापूर उत्तरेत हाताचं चिन्हच न्हाई राह्यलं ओ! आधी लाटकरांना तिकीट. मग आपल्याच कार्यकर्त्यांचा दंगा, पक्षाच्या हापिसावर दगडं. मग तिकीट मधुरिमाराजेंना. लाटकर अपक्ष. आणि ४ तारखेला, माघारीची वेळ संपायला मिनिटं असताना, राजेंची माघार. बंटीसाहेब, म्हंजे आमचे सतेज पाटील, कसे भडकले ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. आता लाटकरांनाच पाठिंबा. म्हणजे गेल्या आठवड्यात ज्याच्याविरुद्ध बोललो, या आठवड्यात त्याच्याच नावाच्या स्लिपा.

म्हाताऱ्या मावशीला सांगायला गेलो, मावशे हात न्हाई या खेपेला. ती म्हणती, “मग मी कशाला येऊ?”

ही गाफिली नव्हं. ही जिंकल्याची मस्ती. येणारच म्हटल्यावर तिकिटासाठी मारामारी हुणारच की. हरणाऱ्या पक्षाच्या तिकिटाला कोण दगड मारतंय?

---

घाटमाथा | १० नोव्हेंबर, रात्री ९:४५

तांबडा, शेवटचं वाक्य लिहून ठेवतो.

नागपूरकर, सल्ल्याबद्दल आभार, पण आमच्याकडे चपला मोजायची पद्धत नाही. आमच्याकडे अहवाल असतो. तो कसा बनतो ते ऐका.

मी बूथवर सांगतो, “इथे काठावर आहे, मागच्या वेळचे तरुण दिसत नाहीत, बायका बोलत नाहीत.” हे गटाच्या प्रमुखाकडे जातं. त्याच्या अंगावर चार गावं, आणि त्याला पुढे पंचायत समिती लढवायची. माझा भाग काठावर आहे असं तो कशाला सांगेल? तो सांगतो, “थोडं पुढं आहोत, पण लक्ष द्यायला लागेल.” तालुक्याला पोचेस्तोवर ‘लक्ष द्यायला लागेल’ गळून पडतं. तालुक्याचा माणूस उमेदवाराच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतो. तो मागे वळून म्हणतो, “साहेब, लीड.” किती? “यंदा मोजायचं नाही साहेब.”

या साखळीत खोटं कुणीच बोललेलं नाही. प्रत्येकाने चमचाभर साखर घातली, बस्स.

परवाच्या बैठकीत मी हात वर केला. लोकसभेला आमच्या गावात आघाडी होती त्यातली बरीच मतं राग म्हणून पडली होती. कांदा, दूध, फोडाफोडी, आरक्षण, जो तो आपला राग घेऊन आला होता. तो राग अजून आहे का हे घरोघर विचारायला पाहिजे, एवढंच म्हणालो. व्यासपीठावरून उत्तर आलं, “निगेटिव्ह बोलून कार्यकर्त्यांचं मनोधैर्य खचवू नका.” टाळ्या. मागच्या रांगेतल्या ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातले तिघे नंतर चहाच्या गाड्यावर मला म्हणाले, “बरोबर बोललास रे.” अरे मग तिथे बोला की!

धास्ती ही पक्षात फक्त खालच्या आवाजात बोलायची गोष्ट झालीय. खरं तर तीच एक कामाची गोष्ट आहे. घाबरलेला कार्यकर्ता यादी परत तपासतो.

---

परभणीची_लेक | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मी कुठल्याच पक्षाची नाही. पुण्यात नोकरी, मत गावी. आमच्या घरातलं सांगते.

बाबा सोयाबीनवरून पेटलेत. हमीभाव ४,८९२ जाहीर आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. दिवाळीआधी विकावंच लागलं. ते सरकारला सोडणार नाहीत म्हणतात. आई त्याच घरात, त्याच चुलीपाशी, काही बोलत नाही. तिच्या खात्यात राखीच्या आधी पैसे आले. नोव्हेंबरचा हप्तासुद्धा आचारसंहितेच्या आधीच येऊन गेला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तिच्या एकटीच्या नावावर, कुणाला न विचारता खर्चता येईल असा हा पहिला पैसा. त्यातून तिने काय घेतलं हे बाबांना अजून माहीत नाही.

आता तुमचे कार्यकर्ते येतात तेव्हा ओसरीवर बाबांशी बोलून जातात. “काका, काय म्हणतंय?” काका म्हणतात, “बदल होणार.” लिहून घेतलं, पाच मतं. आमच्या घरातली सगळी पाच! आईला कुणी विचारलंच नाही. तीन हजार देऊ असं तुमच्या आघाडीने ६ तारखेला मुंबईत सांगितलं. आई म्हणाली, “देऊ म्हणणारे लई. यांनी दिले.”

आणि एक. शेजारच्या बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्यात. कारखाने सुरू होताहेत. आमच्या तालुक्यातूनही कोयते गेले. लोकसभेला बीडचा निकाल साडेसहा हजार मतांवर लागला होता. गावं रिकामी झाल्यावर कुणाचं मत कमी पडेल, याचा हिशेब कुठल्या वॉर रूममध्ये चाललाय का?

---

नागपूरकर_जुना | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

ताई, आमच्याकडे ओसरीवर पुरुष जातात आणि स्वयंपाकघरात बायका जातात. एवढाच फरक.

---

वाड्यावरची | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

कार्तिकी एकादशीच्या शुभेच्छा. उपासाची साबुदाणा खिचडी खात जुनं काही सांगते.

२००४ कुणाला आठवतंय? ‘इंडिया शायनिंग’. डिसेंबर २००३ला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकले आणि भाजपने लोकसभा ऑक्टोबरची वाट न बघता एप्रिल-मेमध्ये घेतली. हवा होतीच. तेव्हा आम्ही बोरिवलीत राहायचो. रामभाऊ नाईक तिथे १९८९पासून पडलेच नव्हते. लोकल, पाणी, गॅस, माणूस कामाचा. समोर कोण, तर गोविंदा! आमच्या सोसायटीत हशा पिकायचा. मतदानाच्या दिवशी कित्येक घरं कुलूपबंद, मे महिना नव्हे पण सुट्ट्या लागलेल्या, लोक कोकणात. रामभाऊ पडले. दादरच्या बाजूला मनोहर जोशी, लोकसभेचे अध्यक्ष, तेही पडले. भाजप १३८, काँग्रेस १४५.

त्या पराभवाचं कारण शेतकऱ्यांचा रोष असं पुस्तकात लिहितात, ते खरंच असेल. पण बोरिवलीत कुठला शेतकरी? तिथे रामभाऊंना त्यांच्याच माणसांनी पाडलं, आणि प्रेमाने पाडलं.

२०१९चंही तसंच. भाजपवाले ‘२२० के पार’ म्हणत होते, समोर पैलवानच दिसत नाही म्हणत होते. साताऱ्याच्या पावसात म्हातारा पैलवान, शरद पवार, उभा राहिला. युतीला मिळाल्या १६१. सत्ता येण्याइतक्या होत्या, पण एकमेकांवाचून कुणाचं चालणार नाही अशा बेताच्या. पुढचं रामायण सगळ्यांना माहीत आहे.

---

आकडेमोड | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

साताऱ्याचा विषय निघालाच आहे तर, या वर्षीच्या लोकसभेला उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. पवारसाहेबांच्या पक्षाच्या तुतारीवाल्या माणसाऐवजी पिपाणीचं बटण. हा गाफीलपणा कुणाचा, मतदाराचा की मतदाराला चिन्ह नीट न दाखवणाऱ्यांचा?

---

तिसरी_घंटा | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

आता गंभीरपणे. तुम्ही सगळे मतदाराला गिऱ्हाईक समजून बोलताय. “आमचा मतदार घरी बसला.” तुमचा कधी झाला? मी चार वर्षांत दोन पक्षांचे चार पक्ष झालेले बघितले. ज्याला मत दिलं तो कुठे गेला हे शोधायला मला पेपर लागतो. घरी बसलो तर तो आळस नाही, प्रतिक्रिया आहे.

---

शिवाजीपार्क_सकाळी | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

मान्य नाही. ज्यांनी पक्ष फोडले ते तुमच्या घरी बसण्यावरच जगतात.

---

घाटमाथा | १८ नोव्हेंबर, रात्री ८:१०

प्रचार सहाला थांबला. भोंगे बंद झाले तर कानात अजून वाजतंय.

काय केलं ते लिहितो. वरच्यांचा नाद सोडला. आम्ही सहासात जणांनी आपल्याच केंद्राची यादी घरांप्रमाणे फोडली. नेहमी आपण तीन रंग करतो : आपला, त्यांचा, काठावरचा. आणि सगळा जोर काठावरच्यावर. यंदा उलटं केलं. आधी आपल्यांची यादी घेतली आणि त्यात कोण गावात आहे, कोण पुण्या-मुंबईला, कुणाचं नाव लग्नानंतर इथेच राहिलंय, कोण वारलं, हे बघितलं. ‘आपले’ म्हणून जी पानं आम्ही वर्षानुवर्षं न बघता उलटत होतो, त्यात भोकंच भोकं निघाली. पुण्याला असलेली पोरं एकेकाला फोन. “दादा, येतो की, पण आपलं तर फिक्सच आहे ना?” हेच. हेच ऐकायचं नव्हतं.

परभणीची लेक, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या बायकोला आणि तिच्या बचत गटातल्या दोघींना बरोबर घेतलं. त्या आत जाऊन आल्या. काय कळलं ते २३ला सांगतो, आज सांगितलं तर झोप लागणार नाही.

---

नागपूरकर_जुना | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

टेबलावर एक माणूस फक्त टिक मारायला ठेवा. बाकी काही करायचं नाही त्याने, चहासुद्धा आणायचा नाही. दोन वाजता न आलेल्यांची नावं काढा. तीन ते पाच तेच करा. शेवटच्या तासात गाडी मिळत नाही, तेव्हा गाडी आधी धरून ठेवा. सहाला जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं, हे म्हाताऱ्यांना माहीत नसतं, परत जातात.

विरोधकाला एवढंच सांगतो. पुढचं सांगणार नाही.

---

कोल्हापुरी_तांबडा | २० नोव्हेंबर, रात्री ९:३५

दिवसभर रांगा. बायका लई. येवढ्या बायका रांगेत मी कधी बघितल्या न्हाईत, लुगड्यातल्या म्हाताऱ्यांपासनं कालेजच्या पोरींपर्यंत. आमचे म्हणत्यात मतदान वाढलं म्हंजे बदल. मला काय तसं वाटंना. टीव्हीवरचे पोल बघितले, चार तिकडचे, एक-दोन इकडचे. जेवण गेलं न्हाई.

---

आकडेमोड | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

निकाल सगळ्यांनी पाहिलाय. भाजप १३२, शिंदे ५७, अजितदादा ४१. दुसरीकडे ठाकरे २०, काँग्रेस १६, पवारसाहेब १०. मतदान ६६ टक्क्यांवर, म्हणजे २०१९पेक्षा चांगलंच जास्त. महिलांच्या मतदानात जवळपास सहा टक्क्यांची वाढ.

आता या धाग्याचा मूळ प्रश्न. गाफीलपणाने हरलात का? माझं उत्तर : नाही, किंवा फार थोडं. गाफीलपणाने साकोलीसारख्या जागा अडचणीत येतात. प्रदेशाध्यक्ष नाना पटोले २०८ मतांनी वाचले. रोहित पवार १,२४३ मतांनी आले. करवीर १,९७६ मतांनी गेली. तिथे यादी, टिक, गाडी, सगळं मोजावं. पण कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण ३९ हजारांनी पडले, संगमनेरला बाळासाहेब थोरात दहा हजारांवर. एवढी माणसं झोपली नव्हती. महायुतीला लोकसभेला अडीच कोटींच्या आसपास मतं होती, आता तीन कोटी अकरा लाखांच्या आसपास. हे साठ लाख तुमच्या घरी बसलेल्यांमुळे आलेले नाहीत. ते त्यांनी आणलेत.

‘आमचा मतदार निघाला नाही’ हे स्पष्टीकरण हरणाऱ्याला गोड लागतं. कारण त्यात मतदार आपलाच राहतो.

---

शिवाजीपार्क_सकाळी | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

आणि मशीनबद्दल एक शब्द नाही?

---

आकडेमोड | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:२४

त्यावर तीन धागे चालू आहेत.

---

कोल्हापुरी_तांबडा | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:००

जिल्ह्यात दहाच्या दहा तिकडं. धा!! पाच वर्षं म्हणत हुतो काँग्रेसचा बालेकिल्ला. मावशी म्हणाली ती बरोबरच हुती.

---

नागपूरकर_जुना | २४ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

जिंकल्याचा आनंद आहे, खोटं काहून बोलू. पण आमच्या ग्रुपवर आजच एकाने लिहिलं, “महापालिका आता औपचारिकता.” वाचून मला घाटमाथांचा धागा आठवला. मी त्याला उत्तर दिलं, तर तो म्हणतो, “काका, निगेटिव्ह नका बोलू.”

---

परभणीची_लेक | २४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

बाबा विचारत होते, “बदल का नाही झाला?” आई भाकरी थापत होती.

घाटमाथा, तुम्ही २३ला सांगणार होता. आत जाऊन आलेल्या बायकांना काय कळलं होतं?

---

घाटमाथा | २५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

हेच, की आम्ही ‘आपली’ म्हणून रंगवलेल्या घरांतल्या निम्म्याशिम्म्या बायकांनी बचत गटातल्या मैत्रिणीला सरळ सांगितलं होतं, “या खेपेला नाही गं.” ओसरीवर ते कधीच ऐकू आलं नसतं. १८ तारखेला रात्री मी ते गटप्रमुखाला फोन करून सांगितलं. त्याने पुढे सांगितलं की नाही, देव जाणे. आज भेटला तर म्हणतो, “शेवटच्या दोन दिवसांत फिरलं.” शेवटच्या दोन दिवसांत काही फिरलं नाही हो, जुलैपासून फिरत होतं.

आकडेमोड, तुमचे साठ लाख मान्य. पण आघाडीचीही तीसएक लाख मतं लोकसभेपेक्षा कमी झालीत, मतदान वाढलेलं असताना. त्यातली किती तिकडे गेली, किती बंडखोरांना, आणि किती पुण्यातून आलीच नाहीत, हे तुमच्या टक्केवारीत दिसत नाही. आमच्या केंद्रावरची जी पोरं ‘फिक्सच आहे ना’ म्हणाली होती त्यातली बरीच आली नाहीत, ते टेबलावरच्या कागदावर आहे. आली असती तरी आम्ही पडलोच असतो. पण तिकडच्या साठ लाखांच्या हिशेबात इकडची ही न आलेली पोरं पुसली जाऊ नयेत, एवढंच म्हणणं.

गुरुवारी चिंतन बैठक आहे. निरोपात लिहिलंय, सूचना लेखी द्याव्यात, चर्चा होणार नाही. मी त्या केंद्राची यादीच जोडणार आहे, टिकांसकट. नागपूरकर, टिक मारायला बसवलेला पोरगा खरंच दिवसभर चहाला उठला नाही, तेवढं तुमचं ऐकलं. केंद्रनिहाय आकडे अधिकृतपणे आले की शेजारच्या चार गावांशी ताडून वेगळा धागा काढतो. कुणाकडे २०१९चे केंद्रनिहाय आकडे जपून ठेवलेले असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा, आमच्या तालुका कार्यालयात ते कुणाकडेच नाहीत.